एकशे वीस क्रम आणि आईचं ताट

पुण्याहून सहा महिने पायथॉन प्रोग्रामिंग शिकून आलो, तेव्हा मी आईला छाती फुगवून सांगितलं होतं, "आता आपल्या घरातलं कुठलंही भांडण कॉम्प्युटर मिटवील!"

पहिलंच भांडण निघालं माझ्या बहिणीच्या, कोमलच्या लग्नपत्रिकेचं. वडलांच्या नावाखाली पाच काकांची नावं छापायची होती. वयाने मोठे एक, मानाने मोठे दुसरे आणि आवाजाने मोठे माणिककाका! "माजं नाव पयलं नसंल तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाई," असं पाचही जणांनी बजावलं.

मी तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि पाच नावांचे होतील तेवढे सगळे क्रम काढले. एकशे वीस! प्रत्येक क्रमाच्या पाच पत्रिका, एकूण सहाशे. म्हणजे प्रत्येक काका बरोबर एकशे वीस पत्रिकांवर पहिला. इतका चोख न्याय कोर्टात तरी मिळतो का?

पत्रिका वाटून झाल्या. मग आमच्या जवळा बाजार गावचा आठवडी बाजार भरला आणि पाव्हण्यांनी आपापल्या पत्रिका ताडून पाहिल्या. डोंगरकड्याला, माणिककाकांच्या सासरवाडीला, नेमकी त्यांना शेवटी टाकणारी पत्रिका गेली होती! दुपारपर्यंत बातमी फिरली, "भावाभावात वाटण्या झाल्या, पत्रिकाबी येगयेगळ्या छापून राहिले!"

संध्याकाळी नवरदेवाच्या वडलांचा फोन आला. "घरातच फूट आसंल तर आमाला इचार करावा लागंल."

कोमल रडायला लागली. माझी तर पाचावर धारण बसली.

"शिवा, काहून रडवून राहिला लेकराला?" म्हणत आईने जेवणाचं ताट कोऱ्या कागदावर पालथं घातलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. "मधी गणपती, भवताली पाची नावं. गोलाला पयलं-शेवटलं आसतं व्हय?"

नव्या पत्रिका निघाल्या, सगळ्या एकाच छापाच्या. त्या पाहून व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. पाचही काकांनी पत्रिका फिरवून आपापलं नाव वर आणलं आणि मांडवात सगळ्यांत आधी हजर झाले. लग्न थाटात लागलं.

आता ती पत्रिका पाचही घरांत भिंतीवर चिकटवलेली आहे, अर्थातच ज्याचं नाव त्याने वर करून. एका घरात गणपती सरळ बसलाय, दोन घरांत कलंडलाय आणि दोन घरांत जवळजवळ डोक्यावर उभा आहे. सरळ कुणाच्या घरात, ते मात्र मला विचारू नका. गोलालाही पहिलं असतं, हे काकांना अजून कळलेलं नाही!