उडालेल्या पत्र्यांची पाहणी

बिबवेवाडीतल्या कौशल्याबाईंच्या पाळणाघराचे पत्रे सोमवारच्या वादळात उडाले आणि त्यातला एक थेट शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरला. सोसायटीने तो परत केला, वर ‘आपला पत्रा आपण सांभाळावा’ अशी चिठ्ठी चिकटवून. पुणंच ते!

धुणीभांडी, झाडलोट करणाऱ्या बायकांची बावीस मुलं इथे दिवसभर असत. छप्पर झालं नाही तर पाळणाघर बंद, आणि पाळणाघर बंद तर मुलांच्या आयांची कामंही गेली. म्हणून संस्थेचे चिटणीस रावसाहेब यांनी एका ट्रस्टकडे तातडीच्या मदतीचा अर्ज केला. छोट्या संस्थांवर अचानक संकट आलं की हा ट्रस्ट आठवडाभरात पन्नास हजार देत असे. अट एकच, ट्रस्टचा माणूस येऊन संकट डोळ्यांनी बघणार.

“येणार म्हणजे पाहुणाच की!” कौशल्याबाईंनी पदर खोचला. “या उकिरड्यात बसवायचं त्याला?”

“अहो, उकिरडाच दाखवायचाय आपल्याला.”

“तुमच्या घरचा दाखवा. माझ्याकडे आलेला माणूस उन्हात बसणार नाही.”

झालं! चार घरं सोडून मन्सूरभाईंचं मंडपाचं गोदाम. त्यांना फक्त सावलीपुरतं कापड मागितलं होतं. पण त्यांची नात नाजिमा याच पाळणाघरात वाढलेली, तेव्हा नुसत्या कापडावर भागणार कसं? कापड बोडकं दिसतं म्हणून झालर आली, झालरीखाली शोभतात म्हणून पंखे आले, आणि जाता जाता त्यांनी लाल गालिचाही अंथरला.

“भाड्याचं नाव काढू नका, ताई. फक्त उद्या सकाळी नेतो. हडपसरला लग्न आहे, दुसरं कापड शिल्लक नाही.”

ट्रस्टची नम्रता आली तेव्हा बावीस मुलं पावडर लावून रांगेत बसली होती. तिला कुंकू लावून गुलाब देण्यात आला.

“छप्पर कुठे उडालंय?” तिने वर बघत विचारलं.

“झालरीच्या वर,” रावसाहेब हळूच म्हणाले.

“कापड जरा बाजूला करता येईल?”

“आधी शिरा खा, गार होतोय,” कौशल्याबाईंनी निकाल दिला.

शिरा संपवून नम्रताने फॉर्म काढला. “मदत मिळाली नाही तर काय होईल, मॅडम?”

रावसाहेबांनी डोळ्यांनी खुणा केल्या. रडा हो, थोडं तरी रडा! पण परक्या मुलीपुढे रडगाणं गायचं? कौशल्याबाईंची मान ताठ झाली. “काय व्हायचंय? एकोणीस वर्षं चालवलंय, पुढेही चालेल.”

नम्रताने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप हडपसरला गेला आणि दुपारी ट्रस्टचं पत्र आलं. संस्थेत कोणतंही संकट आढळलं नव्हतं. उलट टापटीप आदर्श वाटल्याने सोबत प्रशस्तिपत्र जोडलं होतं.

“फ्रेम करून छपराच्या जागी लावू,” रावसाहेब म्हणाले.

उन्हाने लालबुंद झालेली पोरं बघून कौशल्याबाईंना रडू फुटलं. स्वतःच्या ताठ मानेचा एवढा राग त्यांना जन्मात आला नव्हता. संध्याकाळी त्यांनी मुलांना न्यायला आलेल्या आयांपुढे हात जोडले. “उद्यापासून पोरांचं तुम्हीच बघा गं. मला नाही जमत.”

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

“मी नम्रता, ट्रस्टमधून. आमच्या ऑफिसची झाडलोट करणाऱ्या हिराबाई...” मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. “त्या दोन्ही मुलं घेऊन आल्यात! एकाने प्रिंटरमध्ये बिस्किट घातलंय, दुसरी साहेबांच्या टेबलावर उभी आहे. पाळणाघर का बंद?”

“छप्पर नाही.”

“पैसे आजच पाठवते! साहेबांनी आत्ता सही केली. पण पत्रे बसेपर्यंत ह्या दोघांचं काय करू?”

“जेवली की एक ते चार झोपवायची,” कौशल्याबाई म्हणाल्या. “थोपटल्याशिवाय झोपत नाहीत. साहेबांना सांगा.”

आणि त्यांनी फोन ठेवला.