धाकटी पळाली!

"ह्या वेळी माघार नाही!" धाकटीने आरशाला ठणकावून सांगितलं. आरशाने हे आधीही बरेचदा ऐकलं होतं.

धाकटी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. दिवसभर लोकांच्या घरांचे जिने आखायची आणि स्वतः मात्र लिफ्टशिवाय पाऊल उचलायची नाही. परवा नेमकी लिफ्ट बंद पडली. जिना चढून वर पोहोचेपर्यंत तिला अशी धाप लागली, की गिऱ्हाइकापुढे तिने नकाशा उलटाच धरला. "छप्पर खाली का?" त्याने घाबरून विचारलं. तिथेच ठरलं, रोज सकाळी पळायचं.

पण तिच्या व्यायामाची घरात फार चेष्टा व्हायची. दोरीवरच्या उड्यांनी हॉलमधला दिवा फोडला होता. हौसेने आणलेली डंबेल्स सध्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कामाला होती. शरीर तयार असलं की मन नसायचं, आणि मन तयार झालं की शरीर पांघरुणातून निघायचं नाही. त्यात बाबा चहाचा घोट घेत "बरं, किती दिवस?" एवढंच विचारायचे आणि तिचं उरलंसुरलं अवसान गळायचं. म्हणून ह्या वेळी सगळं गुपचूप!

संध्याकाळी गॅलरीत उभं राहून तिने मैत्रिणीला हळूच फोन लावला.

"अगं, उद्या पहाटे पळणार मी! नाही गं, घरी कुणालाच सांगितलं नाही. बाबांना कळलं तर झालंच! हो, मनाची पूर्ण तयारी झालीय. बूट हातात घेऊनच निघते, आवाज नको. आता नाही जमलं ना, तर पुन्हा कधी नाव काढणार नाही!"

आत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईने ते ऐकलं आणि हातातली घडी तशीच टाकली.

"अहो, धाकटी पळून जाणार आहे!" तिने बाबांना गाठलं. "उद्या पहाटे!"

"पहाटे?" बाबा म्हणाले. "उठणार कशी?"

मग तेही येरझाऱ्या घालू लागले; आत्ता विचारलं तर ती रात्रीच निघेल, म्हणून पहाटे तिच्यामागे जायचं ठरलं. आईने तेवढ्यात परगावच्या मावशीला फोन करून "असशील तशी निघ!" असं रडत सांगूनही टाकलं.

पहाटे धाकटी बूट हातात घेऊन बाहेर पडली. कानात गाणी लावली आणि पळायला लागली. कोपऱ्यावर येताच शरीर म्हणालं, पुरे. मन म्हणालं, माझंही तेच मत. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं! ती वळणार, तोच मागून कुणीतरी हात हलवत धावत येताना दिसलं. अंधुक उजेडात चेहरा दिसेना; डोक्याला मफलर, हातात गाठोडं!

धाकटी अशी सुटली, की तिची तिलाच ओळख पटली नसती. मागचा माणूस ओरडत होता, "थांब! आमची काही हरकत नाही! जो कोणी असेल त्याला घरी घेऊन ये!" दूधवाला सायकलवरून उतरून बघत राहिला. धाकटीच्या कानात गाणी जोरात चालू होती. बागेला अख्खा वळसा घालून ती फाटकाजवळच्या बाकावर कोसळली. दुसऱ्या टोकाला तो माणूसही कोसळला.

"बाबा? तुम्ही!" तिने कानातली गाणी काढली.

"तो... तो कुठाय?"

"कोण तो?"

"ज्याच्याबरोबर पळतेयस!"

"मी एकटीच पळतेय!"

"एकटीच? मग पळून जाणार कुठे होतीस?"

"घरीच परत! व्यायाम आहे हा, बाबा!"

आता बाबा हसणार, म्हणून धाकटीने मान खाली घातली. पण बाबा बागेकडे बघत होते. बस सुटत असली तरी कधी न पळणारा माणूस तो!

"हे एवढं सगळं आपण पळालो?"

"हो. तुम्ही तर चपला घालून!"

"वा!" बाबा छाती फुगवून म्हणाले आणि लगेच खोकले.

"आणि हे गाठोडं कसलं?"

"तुझा स्वेटर. जाशील तिथे गारठा असेल, म्हणाली आई. थांबली नाहीस, तर निदान हा तरी हातात द्यायचा होता."

धाकटीचे डोळे भरून आले. ज्यांना नुसतं पळायला जाते म्हणून सांगायची लाज वाटली, ते तिच्यामागे स्वेटर घेऊन धावले होते! असे आईबाप मिळायला नशीब लागतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. घामाने भिजलेली असूनही तिने तो स्वेटर घातला. घरी गेल्यावर आईच्या गळ्यात पडून ती रडली, मग तिघंही पोट धरून हसली. त्या हसण्याच्या नादात मावशीला परत फोन करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटीचं शरीर ठणकत होतं आणि मन पांघरूण सोडायला तयार नव्हतं. पण दारात बाबा उभे होते. पायात बूट, डोक्याला मफलर.

"चल गं, उशीर होतोय!"

नाही म्हणायची तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

दोघं गेली आणि थोड्या वेळाने दारात मावशी हजर! हातात बॅग, डोळे सुजलेले.

"ताई, धाकटी कुठाय?"

"पळाली," आई अर्धवट झोपेत म्हणाली.

"अगं बाई! आणि भावोजींनी अडवलं नाही?"

"अडवतायत कसले! त्यांनीच तर उठवलं तिला."