ओस नको, व्हय म्हणा

पिंकी शाळेत बसलेली असूनही महिन्यात तीन वेळा गैरहजर लागली, तेव्हा सुलक्षणानं तिला कराटेच्या क्लासला घालायचं ठरवलं.

झालं असं, की बाई हजेरी घ्यायच्या, पिंकी "हजर" म्हणायची, पण ते इतकं हळू की शेजारच्या पोरीलाही ऐकू जायचं नाही. बाई मान वर न करता पुढच्या नावाला जायच्या. तिसरीतली पोरगी. बाकावर आहे, डबा खाल्लाय, गृहपाठ दाखवलाय, आणि हजेरीपटावर नाहीच. सुलक्षणा भेटायला गेली तर बाई म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो, पण आवाज घरी ठेवून येते." (घरी तरी कुठं होता? घरी साखरबाईंचा, म्हणजे सुलक्षणाच्या सासूबाईंचा आवाज होता. तिथं दुसरा आवाज ठेवायला जागाच नव्हती.)

त्याच आठवड्यात सुलक्षणा सकाळी दूध आणायला निघाली, तर मांडवगणातल्या समाजमंदिरापुढं वीस-पंचवीस पोरं पांढरे कपडे घालून रांगेत उभी होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. झाडावरचे कावळे उडाले. सुलक्षणा दुधाची किटली घेऊन तिथंच थांबली. क्लास घेणारे धम्मदीप सर गावातलेच, कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचे, म्हणून क्लास सकाळी साडेसहाला.

"सर, पोरीनं हातपाय न्हाई उचललं तरी चालंल," ती म्हणाली. "तेवढं वरडायला शिकवा."

सरांनी तिच्याकडं बघितलं, किटलीकडं बघितलं, आणि नाव लिहून घेतलं.

मग ड्रेस आला. पांढराशुभ्र, सतरंजीसारखा जाड, वर पांढरा पट्टा. पिंकीनं तो घातला आणि आरशापुढं उभी राहिली, तर सुलक्षणानं तिला दोनदा गोल फिरवून बघितलं. आपल्या पोरीएवढं पांढरं तिनं आयुष्यात काही बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं त्या ड्रेसवर डाग म्हणून राहू दिला नाही. पोरगी क्लासवरून आली की ड्रेस भिजत. मग घासायचा, नीळ द्यायची, आणि स्वयंपाकघरात दोरीवर टाकायचा. बाहेर टाकायची सोय नव्हती, कारण ऊस तुटायचे दिवस होते. शेतात पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन थेट पांढऱ्यावरच बसायची. पहाटे उठून सुलक्षणा त्याला कडक इस्त्री मारायची आणि गरम गरम ड्रेस पिंकीच्या अंगात घालायची. पिंकी डोळे मिटून म्हणायची, "मम्मी, पोळीसारखा लागतोय." त्या एका वाक्यावर सुलक्षणाचा दिवस जायचा.

पहिल्या आठवड्यात पिंकी शिंकली. दुसऱ्या आठवड्यात खोकली. तिसऱ्यात ताप आला, आणि ती खरोखरीची गैरहजर लागली. आधी पोरगी शाळेत होती आणि आवाज नव्हता. आता आवाज आला होता, पण पोरगी अंथरुणात होती.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, "काही नाही, व्हायरल आहे."

साखरबाई सोबत होत्या. घरी येईपर्यंत त्यांनी हे वाटेत भेटेल त्याला सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या दगडाबाई नातीला घेऊन दारात हजर.

"पिंकी व्हायरल झाली म्हनं. कुठाय, दाव की."

"झोपलीय ती," सुलक्षणा म्हणाली.

"तिला नगं उठवू. मोबाइलात दाव."

"मोबाइलात काय दावू? ताप हाय तिला."

"आता व्हायचाच की. एवढ्या लोकांनी बघितल्यावर नजर लागंलच."

पिंकी चार दिवसांनी बरी झाली, क्लासला गेली, आणि दोन दिवसांनी परत नाक गळायला लागलं. आता सुलक्षणाची झोप उडाली. तिनं हळदीचं दूध दिलं, ओव्याची धुरी दिली, दोन स्वेटर घातले, कानटोपी घातली. (वरून इतकं घातलं की पिंकीला लाथ मारायला पाय उचलता येईना. सरांना वाटलं पोरगी आळशी आहे.) शेवटी साखरबाईंनीच कारण शोधून काढलं.

"तू ऐकती का, पोरगी घरात शिरताना काय म्हन्ती ते?"

सुलक्षणानं आठवलं. पिंकी आली की उंबऱ्यात दोन्ही पाय जुळवून, कंबरेत वाकून, मोठ्यानं म्हणायची, "ओस."

"ओस म्हंजी काय? ज्या घरात दिवा लावायला मानूस न्हाई ते ओस. भरल्या घरात, सकाळच्या पारी, रोज. मग पोर आजारी न्हाई पडायची तर काय हुईल?"

सुलक्षणा हसली. सातवीपर्यंत शिकलेली होती, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण रात्री पिंकीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला, आणि सकाळ होईपर्यंत तो विश्वास थोडा थोडा बसायला लागला.

ती सरांना गाठायला समाजमंदिरापुढं गेली. सर उड्यांच्या दोऱ्या गोळा करत होते.

"सर, आमचं घर ओस पडायला लागलंय वो."

सरांच्या हातातून दोऱ्या खाली पडल्या. "काय सांगता ताई? दाजी कुठं गेले?"

"शिक्रापूरला."

"कायमचे?"

"न्हाई, गुरुवारी येत्यात."

"मग सासूबाई?"

"त्यांना काय धाड भरलीय. त्यांनीच तर शोधून काढलं."

सर खाली पायरीवर बसले. "ताई, नीट सांगा. कोण राहिलंय घरात?"

"सगळी हायेत. पण पोरगी दारात ओस म्हन्ती. तुम्हीच शिकवलंय."

मग सरांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "ताई, हा जपानी शब्द आहे. हो, समजलं, मी सोसीन, असा त्याचा अर्थ."

"मग मराठीत हो म्हना की."

"तसं नाही चालत."

"मग व्हय म्हना. व्हय बी तेवढंच हाय. आन् दमदार हाय."

सर विचारात पडले. त्यांनी आठ वर्षं घासून काळा पट्टा मिळवला होता, पण असला हल्ला परतवायचा कसा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "बरं. पिंकीपुरतं व्हय. बाकीच्यांचं ओसच राहू द्या."

ताप उतरून पिंकी क्लासला गेली, त्या दिवसापासून चोवीस पोरं ओरडायची "ओस" आणि पाठोपाठ एक बारीक "व्हय". पिंकी उंबऱ्यातही वाकून "व्हय" म्हणायला लागली. आतून साखरबाई विचारायच्या, "काय गं? मी काय इच्यारलंच न्हाई." पण घरावरचं संकट टळलं म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

त्या शुक्रवारी पिंकीला परत ताप आला.

आता मात्र सुलक्षणा हरली. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती, दौंडला. पण पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. तिनं पिंकीच्या डोक्यावरची पट्टी बदलली आणि सांगून टाकलं, "पिंके, क्लास बंद. जीव राहिला तर पट्टे कवाबी मिळत्याल."

तिला वाटलं होतं पोरगी रडेल, हातपाय आपटेल. पिंकीनं नुसतं भिंतीकडं तोंड केलं आणि अगदी पूर्वीच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "बरं."

सहा आठवड्यांत कमावलेलं सगळं त्या एका "बरं"मध्ये परत गेलं होतं.

गुरुवारी ज्ञानू आला. ज्ञानू म्हणजे पिंकीचे पप्पा. शिक्रापूरला कंपनीत क्वालिटीला होता, तिथंच चौघांत खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली.

"आमच्याकडं एक पार्ट रिजेक्ट झाला तरी व्हाय-व्हाय करत्यात," तो पत्रिकेच्या पाठीवर रेघा मारत म्हणाला. "का, का, का, पाच वेळा इच्यारायचं. पाचव्याला कारण घावतंच."

"पोरगी काय पार्ट हाय व्हय?" साखरबाई म्हणाल्या.

"आई, मधी बोलू नको. पहिला का. पिंकी आजारी का पडती?"

"सर्दी होती म्हणून," सुलक्षणा म्हणाली.

"सर्दी का होती?"

"गारठा लागतो म्हणून. पण अहो, मी दोन दोन स्वेटर घालते, कानटोपी..."

"इच्यारलं तेवढंच सांग. गारठा का लागतो?"

तेवढ्यात गोधडीतून आवाज आला, "ड्रेस गार होतो."

"होतो म्हंजी?"

"घालताना मस्त गरम असतो. मग मैदानात गेलं की गार होतो. मग कंबरेला पाणी पाणी लागतं."

ज्ञानू उठला. स्वयंपाकघरात क्लास बंद झाल्यामुळं आदल्या दिवशीच शेवटचा म्हणून धुतलेला ड्रेस दोरीवर लटकत होता. त्यानं कॉलर दाबली, कंबरेची शिवण दाबली, आणि कंपनीत दाखवतात तसा ओला हात सगळ्यांना दाखवला.

"हा कालपासून वाळतोय. अजून पेरणी करता यील यात. चौथा का. ओला का?"

"रोज धुते ना मी," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज आता पिंकीच्या हजेरीएवढा झाला होता. "अन् सकाळी इस्त्री करते. मला वाटायचं, वाळला."

"पाचवा. रोज का धुती?"

सुलक्षणानं दोरीवरच्या ड्रेसकडं बघितलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "सातवीला होते मी, इनामगावला. सव्वीस जानेवारीला लेझीम होती. पांढरा फ्रॉक असंल त्या पोरी म्होरं. माझा होता पांढरा, पण थोरल्या बहिणीचा, पिवळा पडल्याला. बाईंनी मला मागच्या रांगंत, पार भिंतीकडं लावलं. माझी लेझीम कुणी बघितलीच न्हाई."

ज्ञानूची पेन्सिल थांबली. त्यानं ते लिहिलं नाही. (जागा पुरणार नव्हती, असं तो नंतर म्हणाला.)

साखरबाईंनी नाक ओढलं आणि पिंकीवर घसरल्या, "आन् तू गं? एवढं दीस वलं घालून हिंडली, बोलली का न्हाईस?"

"मम्मी माझ्यासाठी आंधारात उठून इस्त्री करती म्हणून," पिंकी म्हणाली.

सुलक्षणानं तिला गोधडीसकट उचलून मांडीवर घेतलं. मग ज्ञानूनं पत्रिकेवर शेवटची ओळ लिहिली आणि भिंतीला चिकटवली: क्लास चालू. परीक्षेपर्यंत ड्रेसला पाणी लावायचं नाही.

ते दिवस सुलक्षणानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. गुडघ्याला माती लागली, बाहीला डाळ लागली, छातीवर एक हळदीचा ठिपका पडला. ती ड्रेसकडं पाठ करून भाकरी थापायची. पण पिंकी एकदाही शिंकली नाही.

परीक्षेच्या रविवारी सरांनी केलेल्या जीपमधून सगळे दौंडला गेले. हॉलमध्ये शंभरेक पोरं होती, सगळी बगळ्यासारखी पांढरी, आणि मधोमध पिंकी, जणू आत्ताच रानातून आली. सुलक्षणा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिला वाटत होतं, आता कुणीतरी येणार आणि पोरीला मागं लावणार. कुणी आलं नाही.

परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सरांनी पिंकीचं नाव पुकारलं.

"व्हय."

ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आलं. भिंतीला आपटून परत पुढंही गेलं. मोठ्या सरांनी कागद खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

पिंकीला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं. तिनं आणखी जोर लावला. "व्हय सर. ओस म्हणलं की आमची आजी आजारी पाडती."

हॉल हसला, मोठे सर हसले, धम्मदीप सरांनी कपाळाला हात लावला. पण पिंकी हसली नाही. तिनं गुडघा उचलला आणि अशी लाथ घातली की स्वतःच अर्धी फिरली, सावरली, आणि परत सरळ उभी राहिली. हळदीचा ठिपका कुणाला दिसलाच नाही.

तिला पिवळा पट्टा मिळाला. तो बांधताना मोठ्या सरांनी सगळ्या पालकांना पट्ट्याविषयी काहीतरी महत्त्वाचं सांगितलं, पण सुलक्षणा तेव्हा डोळे पुसत होती.

सोमवारपासून तीन दिवस क्लासला सुट्टी होती. परीक्षा झाली, ऊन पडलं होतं, जवळपासचं पाचटही जळून संपलं होतं. सुलक्षणानं ड्रेस घेतला, पट्टा घेतला, नव्या पट्ट्यालाही बिचाऱ्याला घाम लागलेला, असं म्हणून दोन्ही एका बादलीत कढत पाण्यात भिजत घातलं आणि दुपारपर्यंत विसरून गेली. मग दोन दिवस उन्हात पापडासारखं खडखडीत वाळवलं. यात मात्र तिनं कसूर ठेवली नाही.

गुरुवारी पिंकी क्लासला गेली. सुलक्षणा सोबत गेली, पण समाजमंदिराच्या खांबाआड थांबली. धम्मदीप सर रांगेवरून चालत आले आणि पिंकीपुढं थांबले. त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं, खालून वरपर्यंत बघितलं. ड्रेस पिवळाधमक होता. पट्टा पांढरा होता.

"पिंकी, मम्मी आल्यात का?"

"व्हय सर. खांबामागं हायेत."

सर खांबापाशी आले. सुलक्षणानं मान खाली घातली. तिला वाटलं आता बोलणी बसणार. पण सर अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "असू द्या ताई. वाळलेला तरी आहे. फक्त पुढचा पट्टा केशरी असतो. तो आपण माझ्याकडं कुलपात ठेवू."