पातेल्यातले नाना

आमच्या फैजपूरच्या गल्लीत वादळाची सूचना मोबाइलवर येत नाही. शेजारच्या वंदनावहिनी ओरडतात, "माझं वरणाचं पातेलं कुठे गेलं?" की आम्ही भराभर दोरीवरचे कपडे काढतो. कारण ते पातेलं त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे तोतारामनानांच्या डोक्यावर असतं आणि नाना वादळाच्या मागे निघालेले असतात.

मे महिन्यात सातपुड्याकडचं आभाळ काळं झालं की शहाणी माणसं घरात शिरतात. नाना स्कूटर बाहेर काढतात. गारांसाठी पातेलं, ते हनुवटीखाली उपरण्याने घट्ट बांधलेलं. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. खांद्याला चहाचा थर्मास.

"नाना, वीज पडेल अंगावर!"

"पडू दे भो. मले पाहून तीच भिईन."

वादळांबद्दल ते सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. "ते सावद्याकडचं नुसतं तोंडाळ. गरजते अन् जाते. हे पाय, गुपचूप येऊन राह्यलं ना, याले म्हनतात वावधन, खरं तुफान!"

एकदा उडता पत्रा स्कूटरचा आरसा घेऊन गेला. त्यानंतर वहिनींनी मला गाठलं. "भाऊजी, पुढच्या वेळी तुम्ही मागे बसा आणि अर्ध्या वाटेतून त्यांना परत आणा. नाहीतर एक दिवस नुसतं पातेलंच घरी येईल."

तर असा मी ब्रेक म्हणून मागे बसलो. ब्रेक काही लागला नाही. समोर धुळीची भिंत, तिच्यात विजा, दोन्ही बाजूंना केळीची पानं फाटून फडफडतायत. खरं सांगतो, नानांचा सदरा मुठीत घट्ट धरला होता आणि डोळे मिटवत नव्हते. मध्येच कोणीतरी आनंदाने आरोळी ठोकली. तो मीच होतो. नाना खूश होऊन म्हणाले, "लागलं ना याड!"

तेवढ्यात पुढ्यातच बाभूळ कडाडून आडवी झाली. माझं याड जागच्या जागी उतरलं. "नाना, बस! परत चला. वहिनींना शब्द दिलाय." मी त्यांचा दंडच धरला.

त्यांनी तो सोडवला, स्कूटर उभी केली आणि थर्मास सांभाळत फांद्यांतून पलीकडे गेले. "तू जाय घरी. मले पोचलं पायजे."

"कुठे?"

"वावधन जिथून गेलं, तिथं."

मीही मागोमाग गेलो. पलीकडची बाग झोपली होती. सकाळपर्यंत माणसाहून उंच उभी असलेली केळी एका अंगाला मोडून पडली होती, आणि बांधावर तिचा मालक एक हिरवा घड मांडीवर घेऊन बसला होता. ओळख ना पाळख, नाना पातेलं काढून त्याच्या शेजारी चिखलात बसले. थर्मास उघडला. त्याच्यावर कायम एकात एक दोन पेले बसवलेले असायचे. दुसरा माझ्यासाठी, अशी माझी वाटभर समजूत होती. तो नानांनी त्या माणसाच्या हातात दिला. दोन घोट घेतल्यावर तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. नाना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रड भो. मी बसेल हाये."

परतताना नाना आपणहून बोलले. "माही बाग पडली तव्हा सकायपर्यंत कोनी आलं नाही. त्यायची चूक नाही, जो तो आपल्या बागात. मी अन् तुही काकू, दोघंच. ती थरथरत होती. घोटभर चहा पायजे होता रे तिले."

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला नानांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं, ते बरंच झालं.

दारात वहिनी उभ्याच होत्या. "भाऊजी! यासाठी पाठवलं होतं तुम्हाला?"

मी चेपलेलं पातेलं त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "वहिनी, थर्मास लहान पडतोय, मोठा आणू या. आणि एक पातेलं माझ्यासाठीही काढून ठेवा."