मॅडमच्या कानातली घरघर

"अंतरबिंतर काही नसतं! दोन खुर्च्या, चार भिंती, जिना चढून आलेला माणूस, हे सगळं आता नुसतं सामान झालं, सामान! मन बघायला खोली कशाला लागते?"

समुपदेशक मॅडमनी भर सभागृहात हे ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. व्याख्यानाचा विषय होता, ऑनलाइन समुपदेशन कुणाला मानवतं. मॅडमचं उत्तर तयार होतं : जवळजवळ सगळ्यांना! ज्याच्या जिवावरच बेतलंय त्यानं प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा. ज्याला घरातल्याच माणसाची भीती आहे त्यानं घरातून बोलू नये. बाकी ज्याच्याकडे फोन आहे आणि आतून कडी लागणारं एक दार आहे, तो प्रत्येक जण पात्र! पुरावाही होता. एक गृहस्थ, नाव अर्थात गुप्त, समोरच्या खुर्चीत सात महिने बसून 'ठीक आहे' यापलीकडे गेले नव्हते. फोनवर आले आणि दोन महिन्यांत घडाघडा बोलायला लागले!

खोली मॅडमनी तीन महिन्यांपूर्वीच सोडली होती. किल्ली मालकाच्या हातावर ठेवली आणि पुढे तिथे कोण येणार, हे विचारलंसुद्धा नाही. काडीमोड झाल्यावर कोण विचारतं?

पण टाळ्या संपल्यावर मॅडम घरी येऊन कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या फटीत लॅपटॉप मांडून बसायच्या, तेव्हाची गोष्ट निराळी होती. तास सुरू व्हायच्या आधी त्यांचा हात आपोआप पुढे जायचा, समोरची खुर्ची सरळ करायला. समोर खुर्ची नसायची! हात हवेत फिरून परत यायचा. जिन्यावरची पावलं आठवायची. त्या पावलांवरून त्यांना माणसाचा आठवडा कळायचा. चष्म्याचं दुकान चालवणारे ते गृहस्थ, आपण त्यांना चष्मेवाले म्हणू, आठव्या पायरीवर दम खायला थांबायचे. आता पडद्यावर माणूस एकदम उगवायचा आणि एकदम विझायचा. मध्ये जिनाच नाही! हे मॅडम कुणाला बोलल्या नाहीत. कशा बोलणार? टाळ्या घेऊन बसल्या होत्या ना!

आणि मग ती घरघर सुरू झाली.

पहिल्यांदा मंगळवारी, थोरल्या सूनबाईंच्या तासाला. अकरा माणसांच्या घरातली ही सून नुसत्या आवाजावर यायची, चेहरा दाखवायची नाही. ती सासूबद्दल बोलायला लागली की मागून घर्रर्र! ती थांबली की घरघर बंद!

"कसला आवाज येतोय?"

"आवाज? नाही बाई. इथे अगदी शांत आहे, मॅडम!"

बुधवारी चष्मेवाल्यांच्या तासाला पुन्हा घर्रर्र. तेही नुसत्या आवाजावरच येत. "छे! माझं घर रिकामंच आहे," ते म्हणाले. शुक्रवारी निवृत्त मुख्याध्यापक आले. ते मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावून बसत, त्यामुळे त्यांचा डावा कान अधूनमधून कपाटात जाई. घर्रर्र! "मला तर काही ऐकू येत नाही," मुख्याध्यापक करारी आवाजात म्हणाले, आणि आख्खेच पुस्तकांत गेले.

तीन माणसं, तीन घरं, एकच घरघर!

मॅडमनी पंखा बंद केला. हेडफोन बदलला. स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर बंदी आणली. नवरा भुकेला फिरू लागला. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडून, फुंकून, पुन्हा बंद केलं.

"मशीन ठणठणीत आहे, मॅडम."

"मग आवाज?"

"तुम्हालाच येतो का तो?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. इतरांच्या कानातल्या आवाजांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं! त्या रात्रभर तळमळल्या नाहीत, कारण त्या शिस्तीच्या होत्या. सकाळी नऊला, ज्यांच्याकडे हे काम शिकल्या त्या म्हाताऱ्या सरांपुढे बसल्या. ऑनलाइनच!

"काय म्हणतो आवाज?" सरांनी विचारलं.

"म्हणत काही नाही. नुसता घर्रर्र करतो, थांबतो, पुन्हा घर्रर्र."

"हुकूम सोडतो?"

"नाही."

"केव्हा येतो?"

"मंगळवार, बुधवार, शुक्रवार. कामाच्या वेळेत."

"सुट्टीला येत नाही?"

"नाही, सर."

"इतका शिस्तीचा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नाही!" सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "खोली आठवते का गं तुला?"

"छे! खोलीचं काय एवढं?" असं म्हणून मॅडम जे रडल्या, ते नवरा दारात टॉवेल घेऊन उभा राहीपर्यंत रडल्या.

"जा एकदा," सर म्हणाले. "बघून ये. डोळे भरून बघ आणि सोडून दे."

बुधवारी चारला मॅडम निघाल्या. पाचच्या आत परतायचं, चष्मेवाल्यांचा तास फटीत बसून घ्यायचा, असा बेत होता. पण वाटेतल्या गर्दीतच पावणेपाच झाले. जिना तोच. कठड्याला तोच चिकटपणा. मॅडमनी तरी हात काढला नाही! पाचव्या पायरीवर वरून आवाज आला.

घर्रर्र!

मॅडम धावत वर गेल्या आणि दार ढकललं. त्यांच्या खोलीच्या मधोमध शिलाई मशीनवर एक धिप्पाड टेलरबाई पाय मारत बसल्या होत्या.

"मी वेडी नाही!" मॅडम आनंदानं ओरडल्या.

टेलरबाईंनी मान वर केली नाही, पायही थांबवले नाहीत. "इथे येणारे सगळे हेच म्हणतात. बोलायला आलात की मापाला?"

"बोलायला म्हणजे?"

टेलरबाईंनी सुईनं कोपरा दाखवला. खिडकीजवळच्या त्या कोपऱ्याला पडदा लागला होता. कपडे घालून बघायची जागा! पडद्याखालून मॅडमच्या जुन्या खुर्चीचे पाय दिसत होते.

"ट्रायलची जागा आहे ती. पण काही लोक फोन घेऊन बसतात. त्यांची कुणी मॅडम आहे. म्हणे घरी कडी लागणारं दार पाहिजे! बाईनं कधी भरलेलं घर बघितलंय का? मंगळवारवालीनं न्हाणीघरात बसून बघितलं. चार मिनिटांत सहा जणांनी दार वाजवलं! शुक्रवारच्या मास्तरांची बायको शेजारी बसून त्यांची उत्तरं दुरुस्त करते. मग कुठे जातील? सवयीनं इथे आले. मी म्हटलं, बसा. आधी त्या वेळी हातशिलाई करायचे. जिन्यात ऐकू जातं हे कळल्यापासून मशीन चालवते. कापड नसलं तर रिकामीच चालवते!"

मॅडमना आपले फॉर्म आठवले. त्यांवर सगळ्यांनी 'दार आहे' असं लिहिलं होतं. नाही लिहिलं असतं तर मॅडमचा तासही हातचा गेला असता! अहो, आपल्या घरांत पाहुण्यांच्या गाद्यांना जागा असते, मोडक्या सायकलीला असते. रडायला जागा ठेवलेलं एक घर दाखवा, मी लिहिणं सोडतो!

"आणि बुधवारी?" मॅडमनी हळूच विचारलं.

"बुधवारी पाचला चष्मेवाले. आत बसलेत. त्यांचं घर अख्खं मोकळं आहे, पण म्हणतात, तिथे बोललं की उत्तर येत नाही, तेच जास्त ऐकू येतं."

म्हणजे मॅडमचा तो 'ठीक आहे'वाला पुरावा! टाळ्यांचा धनी! तो फोनवर उघडला नव्हता. तो याच खुर्चीत बसला होता!

तेवढ्यात मॅडमच्या पर्समधला फोन वाजला. पाच वाजले होते. त्यांनी हातानं टेलरबाईंना खूण केली. टेलरबाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि आणखी जोरात, जिवाच्या करारानं पाय मारायला सुरुवात केली. घर्रर्र!

"नमस्कार, मॅडम," पडद्यापलीकडून.

"नमस्कार. कसे आहात?" पडद्याअलीकडून. मधे हातभर कापड!

"आज एक सांगायचंय. कुणाला सांगितलं नाही. हिच्या बाबतीतलं."

"सांगा."

"हसाल."

"नाही हसणार."

चष्मेवाल्यांनी श्वास घेतला आणि मशीनचा पट्टा तुटला! फट्! खोलीत अशी शांतता पसरली, की मॅडमना आपल्या बांगड्या ऐकू आल्या.

"मॅडम... आज तुमचा आवाज फार जवळून येतोय."

आता यावर कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? "नेटवर्क चांगलं आहे," मॅडम पुटपुटल्या.

पडदा सरकला.

तीन महिन्यांनी माणूस दिसला. आख्खा, पायांसकट! केस पांढरे झाले होते, खिशाला पेन होतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी स्टूल ओढलं, जुन्या अंतरावर ठेवलं, बसल्या आणि म्हणाल्या, "बोला. मी आहे समोर."

चष्मेवाले त्यांच्याकडे बघत राहिले. मग जमिनीकडे. मग खिडकीकडे.

"कसं वाटतंय?"

"ठीक आहे."

"काहीतरी सांगत होतात."

"ठीक आहे, मॅडम. सगळं ठीक आहे."

टेलरबाई तुटका पट्टा हातात धरून बसल्या.

"राग मानू नका," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "खोलीची सवय आहे. तुमच्या आवाजाचीही आहे. पण तुम्ही अशा समोर बसलात की... जरा बाहेर जाता का? फोन चालूच ठेवा."

मॅडम उठल्या. आपल्याच खोलीतून, आपल्याच दारातून बाहेर गेल्या आणि फोन कानाला लावून पायरीवर उभ्या राहिल्या.

"आता?"

"अजून जवळच वाटताय."

मॅडम चार पायऱ्या उतरल्या. "आता?"

"थोडं आणखी."

खालच्या वळणावर त्या भिंतीला टेकून बसल्या. "इथे?"

"हिचा नवा चष्मा तयार आहे, मॅडम," फोनमधला आवाज म्हणाला. "दोन वर्षं झाली. गुरुवारी न्यायला येणार होती. गुरुवारच आला नाही तिचा. मी रोज काच पुसतो. नंबर बदलला असेल का हो आता?"

मॅडमना ताडकन उठून वर जावंसं वाटलं. त्यांचा हात कठड्याकडे गेलासुद्धा.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. बोला."

"बोलतो. पण वर येऊ नका हं, मॅडम!"