पेंब्रोकच्या सत्काराला अनुमोदन

“अनुमोदन?” प्रमोदिनीताईंनी विचारलं आणि अख्ख्या हॉलची वाचा बसली.

दक्षिण बेंगळुरूतल्या या मराठी मित्रमंडळाचा एक नियम होता. ठरावाला जो अनुमोदन देईल, त्यानेच तो ठराव पार पाडायचा. नियम कोणी केला देव जाणे, पण त्यामुळे ‘अनुमोदन?’ हा शब्द कानावर पडला की सभासद नाक खाजवत नसत, मान हलवत नसत, डाससुद्धा चावू देत. गेल्या कित्येक वर्षांत मंडळात एकही ठराव मंजूर झालेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मंडळ टिकून होतं ते त्यामुळेच.

आजचा ठराव होता एजंट पेंब्रोकचा. पेंब्रोक म्हणजे परदेशी सिनेमातला हेर. साठ वर्षं त्याचे सिनेमे येताहेत. नट म्हातारे होतात, बदलतात. पेंब्रोक आहे तसाच. विमानातून उडी मारतो, जग वाचवतो, आणि सुटाला एक चुणी पडत नाही. एवढं करून परदेशातल्या त्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात त्याला आजवर मिळालं काय, तर एकदा आवाजासाठी आणि एकदा गाण्यासाठी. यंदा तेही नाही. मंडळातले निम्मे लोक पेंब्रोकचे भक्त, त्यामुळे आठवडाभर मंडळाच्या ग्रुपवर सुतक होतं.

“चौथा पेंब्रोक ऑब्जेक्टिवली बेस्ट होता,” यशोवर्धन म्हणाला. हा पुण्याचा पोरगा कोरमंगलाच्या एका पीजीत राहायचा आणि पेंब्रोकबद्दल बोलायला लागला की त्याचा चहा गार व्हायचा. “लिटरली त्याला बेस्ट अ‍ॅक्टर मिळायला पाहिजे होतं, अण्णा. त्याची रेंज बघा ना!”

“रेंज घिऊन काय करतो रे?” रघुजी अण्णा उसळले. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, आणि दुकान यशवंतपूरला. “पयला पेंब्रोक नुसती भुवई उचलायचा, तर ठेटरात चिल्लर उडायची. आमी उडवलीय. चौथा काय, एनु इल्ला! त्याच्यात कायबी नाही.”

“पण उड्या मारण्याला अभिनय म्हणायचं का मुळात?” प्रमोदिनीताईंनी आपलं साधं विचारलं. त्या मंडळाच्या अध्यक्षा आणि निवृत्त मुख्याध्यापिका. त्यावर पहिल्याचे आणि चौथ्याचे भक्त एक होऊन त्यांच्यावर तुटून पडले. शेवटी रघुजी अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, “त्यांनी दिला नाही, सरी, ऱ्हाऊ दे. आपण दिऊ! शाल, श्रीफळ, मानपत्र. हा माझा ठराव.”

आणि मग तो शब्द आला. अनुमोदन. सगळे दगड. आणि नेमकी त्याच वेळी, मागच्या रांगेत, निहार खांबेटेची मान छातीवर पडली.

“खांबेट्यांचं अनुमोदन! ठराव मंजूर!” प्रमोदिनीताई इतक्या जोरात म्हणाल्या की निहारने दचकून “हो, हो, बघतो, पाठवतो” असंही म्हणून टाकलं. त्याला वाटलं, ऑफिसचा कॉल आहे.

बिचाऱ्याची चूक काय, तर तो झोपला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत त्याचं मोठं सॉफ्टवेअर चार महिने ‘आता झालंच’ या अवस्थेत अडकलं होतं. आठवडाभर तो उड्डाणपुलावर निम्मं आयुष्य घालवून घरी यायचा, आणि रविवार उजाडला की त्याचा मॅनेजर रणजीत फोन करायचा. बायकोने, म्हणजे मैत्रेयीने, फोन उचलून “तो झोपलाय” सांगितलं, तर रणजीत म्हणे, “तो उठा दीजिए ना भाभी, दो मिनट का काम है।” दोन मिनिटांचं काम संध्याकाळपर्यंत चाले. डॉक्टर म्हणाले, झोपा. आई पुण्याहून म्हणाली, झोप. झोपायचं कुठे आणि कधी, ते कोणी सांगेना. या रविवारी काहीही झालं तरी त्याला झोपू द्यायचं, असं मैत्रेयीने ठरवलं होतं. मंडळात तो शनिवारी आला होता तो फक्त मिसळीसाठी.

“तू अनुमोदन दिलंसच कशाला?” घरी मैत्रेयीने विचारलं.

“मी झोपलो होतो.”

“मग तसं सांगायचं ना!”

“सांगितलं. ताई म्हणाल्या, मंडळात झोपलेले सगळेच असतात. मान फक्त तुमची हलली.”

“कधी आहे हा सत्कार?”

“उद्या,” निहार म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघवेना म्हणून बूट काढायला खाली वाकला. “हॉलवर उद्या कोणाचातरी साखरपुडा होता, तो मोडलाय. भाडं परत मिळत नाही म्हणून त्यांनी हॉल मंडळाला देऊन टाकला. फुलंसुद्धा तशीच आहेत म्हणे.”

मैत्रेयीला रडावं की ओरडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

रविवारी सकाळी निहार जयनगरच्या हॉलवर पोचला. खाली दर्शिनी हॉटेल, वर हॉल. खाली लोक उभ्या उभ्या इडली-वडा खाताहेत, आणि रस्त्यात मालाचा टेम्पो आडवा उभा. टेम्पोत पेंब्रोक. काळा सूट, हातात पिस्तूल, भुवई वर, आणि उंची दीड मजला. रघुजी अण्णांनी मेहुण्याकडून लाकडी कटआऊट रातोरात रंगवून घेतलं होतं.

“अण्णा, हे काय?”

“हिरोचा सत्कार म्हटल्यावर कटौट पायजेच की! या गावात कटौट नाही तर हिरो कसला?” अण्णांचे डोळे भरून आले होते. “पयल्या पेंब्रोकच्या वेळी मी सोळा वर्षांचा होतो. कटौटला हार घालायला शिडीवर चढायला मला कोण देईना. आज मी घालणार.”

पेंब्रोक जिन्यातून काही चढेना. दोर लावून तो बाल्कनीतून वर ओढला. त्यात दर्शिनीच्या पाटीला त्याचं पिस्तूल अडकलं आणि पाटीचं एक अक्षर खाली सांबारात पडलं. त्या सांबाराची माफी निहारने मागितली, कारण संयोजक तोच. तोवर रणजीतचे तीन फोन येऊन गेले. वर नेल्यावर कळलं, हॉलचं छत पेंब्रोकच्या छातीपर्यंतच येतं.

“घुटन्यापासून कापू या?” दोर ओढणाऱ्या एका माणसाने सुचवलं. रघुजी अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खालीच निघून गेला.

मग पेंब्रोकला आडवा केला. चार बाकं जोडून त्यांवर उताणा निजवला, पाय दाराकडे. अण्णांनी हार घातला. साखरपुड्याची उरलेली झेंडूची फुलं कोणीतरी भोवती ठेवली. कोणीतरी उदबत्ती लावली. आणि व्हायचं ते झालं. वास खाली गेला तशी कॉफी पिणारी माणसं जिन्यावर चपला काढून एकेक वर येऊ लागली, पेंब्रोकपुढे हात जोडून, मान खाली घालून, भिंतीशी उभी राहू लागली.

एका वयस्कर गृहस्थांनी यशोवर्धनला हळूच हिंदीत विचारलं, “उमर कितनी थी?”

“साठ,” यशोवर्धन म्हणाला. त्याला वाटलं, सिनेमाची विचारताहेत.

“छोटी ही थी,” गृहस्थ म्हणाले आणि निहारच्या खांद्यावर थोपटून गेले. लाल डोळ्यांचा, दाढी वाढलेला तोच एक. त्यालाच सगळ्यांनी जवळचा नातेवाईक धरलं होतं. निहारलाही ते थोपटणं बरं वाटलं. चार महिन्यांत त्याला कोणी थोपटलं नव्हतं.

तेवढ्यात प्रमोदिनीताई आल्या. दारातच थबकल्या. “अहो, ही काय शोकसभा आहे का? आपल्याकडे आडव्या माणसाला शाल घालत नाहीत! सत्कार स्वीकारायला कोणीतरी बसतं माणूस हवं.”

“रिप्रेझेंटेटिव!” यशोवर्धन म्हणाला. “अवॉर्ड फंक्शनला असतो ना, तसा. फक्त सूट हवा आणि गॉगल.”

सगळ्यांनी निहारकडे पाहिलं. संयोजक तोच, आणि मंडळात लग्नातला काळा सूट अजून अंगात जाईल असा तोच एक. एवढा वाळला होता. घरी निरोप गेला. मैत्रेयी सूट घेऊन आली ती धुमसतच. येताना तिने तोंडात चांगली चार वाक्यं तयार ठेवली होती. पण कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकून, डोळे उघडे ठेवून उभ्याने पेंगणारा नवरा तिला दिसला आणि ती वाक्यं तिने गिळली. तिने मुकाट्याने त्याच्या सुटाची बटणं लावली, डोळ्यांवर आपलाच काळा गॉगल चढवला.

“फोन?” प्रमोदिनीताईंनी हात पुढे केला. “सत्कारमूर्तीने व्यासपीठावर फोन घ्यायचा नाही. मंडळाचा दंडक आहे.”

“अहो, ऑफिसचा आला तर?”

“तुमच्या मिसेस घेतील.”

व्यासपीठावर मोडलेल्या साखरपुड्याची लाल मखमली खुर्ची होती, उंच पाठीची, मऊ हातांची. निहार तीत बसला. ताईंनी अंगावर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला. वर पंखा गरगरत होता. मानपत्र वाचायला यशोवर्धन उभा राहिला. “कर्तृत्वसंपन्न पेंब्रोक, आपण चौथ्या अवतारात अभिनयाचं जे शिखर गाठलंत...”

“चौथ्या?” रघुजी अण्णा गरजले. “बिडू, बिडू! सोड ते! मानपत्रात चौथा कुणी घुसवला?”

झालं. पुढे मानपत्र राहिलं बाजूला. पहिला की चौथा, भुवई की रेंज, पुरस्कार देणाऱ्यांना हेर आवडत नाहीत की विनोद कळत नाही, चांगल्या खलनायकाचं श्रेय हेराला द्यावं का, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. आधी शोक करायला आलेली भिंतीजवळची मंडळीही त्यात पडली. दिवंगताच्या देखत लोक भांडताहेत म्हणून ती आधी हळहळली, आणि मग त्यांच्यातले दोघे तिसऱ्या पेंब्रोकचे निघाले.

मैत्रेयी पहिल्या रांगेत बसली होती. निहारचा फोन थरथरला. रणजीत.

“भाभी, निहार को दीजिए ना।”

ती ‘झोपलाय’ म्हणणार होती. मग तिने व्यासपीठाकडे पाहिलं. निहारचं डोकं मखमलीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, शाल संथपणे वर-खाली होत होती. गॉगलमुळे कोणाला काही कळत नव्हतं. लोकांना वाटत होतं, पेंब्रोकचा प्रतिनिधी अगदी पेंब्रोकसारखाच निर्विकार बसलाय.

“नहीं दे सकती,” मैत्रेयी म्हणाली. “वो स्टेज पे है। अवॉर्ड मिल रहा है।”

पलीकडे रणजीतचा आवाजच बदलला. “अवॉर्ड? अरे वा! नहीं नहीं, डिस्टर्ब मत कीजिए! मैं किसी और से करवा लेता हूँ।” आणि त्याने फोन ठेवला. मैत्रेयी फोनकडे बघतच राहिली. चार महिने ती झोपेसाठी भांडत होती. झोपेला या लोकांच्या लेखी किंमत नव्हती. सत्काराला होती! तिला हसू आलं, आणि मेलं त्याच्याबरोबर रडूही.

वाद तीन वेळा चहा होईपर्यंत चालला. कोणी हरेना, कोणी थकेना. शेवटी प्रमोदिनीताईंनीच कपाळ दाबत टेबल वाजवलं. “आज निर्णय होणार नाही. यशोवर्धन म्हणताहेत, चर्चा दर रविवारी पुढे चालू ठेवावी. सत्कारमूर्तीच्या उपस्थितीत. ठराव आहे. अनुमोदन?”

हॉल दगड झाला. रघुजी अण्णांनी मिशीपर्यंत नेलेला हात तिथेच थांबवला. मग सगळ्यांची नजर हळूहळू व्यासपीठाकडे वळली. मंडळात हलणारी मान एकच, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. पण उंच पाठीला टेकलेलं निहारचं डोकं काही पडेना.

आणि पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. चांगला जागा, सरळ, ताठ हात. मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. प्रमोदिनीताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“मैत्रेयी, नियम ठाऊक आहे ना तुला? सगळं तुला करावं लागेल. दर रविवारी.”

“करते की. चहा करते, मिसळ करते, चौथ्या पेंब्रोकचं मानपत्रही लिहिते,” मैत्रेयी म्हणाली. “फक्त जरा हळू बोला, ताई. आणि ती खुर्ची कोणाला परत देऊ नका.”