पक्कड पूजेत असताना

ग्राफिक्स कार्डाला वीज जोडणं कुणालाही जमतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. सुकापूरच्या आमच्या सोसायटीत याबद्दल वेगळीच कथा फिरते. ती फिरवणाऱ्यांनी जन्मात कधी बल्बसुद्धा बदललेला नाही!

झालं असं, की आमच्या कुमुदनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग शिकून घेतलं आणि पहिलंच काम मिळालं ते वरच्या मजल्यावरच्या हव्वाबींचं. त्यांच्या जास्मीनचं लग्न ईदनंतर लगेच झालं होतं. जावई फुजैल दसऱ्याच्या संध्याकाळी दोह्याला परत निघणार होता. तिथं त्याचा थोरला भाऊ होता. वडिलांमागे फुजैलला लहानाचं मोठं केलं ते त्यानं, आणि लग्नाला नेमकी त्यालाच रजा मिळाली नाही. त्या भावासाठी लग्नाची डीव्हीडी फुजैलच्या बॅगेत घालीन, असा कुमुदनं शब्द दिला होता.

आणि आमचा कॉम्प्युटर ऐन वेळी हटून बसला. फुजैलच्या चेहऱ्याभोवती फुलांचा बदाम उघडायचा होता. बदाम कानापर्यंत उघडायचा आणि कॉम्प्युटर थिजायचा! दोन दिवस नवरदेव एका कानावर थांबला होता. शेवटी फुजैलनंच गेम खेळायला आणलेलं आपलं ग्राफिक्स कार्ड आणून दिलं. कुमुद म्हणाली, पनवेलला दुकानात नेऊन बसवून घेऊ. हे मला झोंबलं. तळोज्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, नटबोल्टांत हयात गेली माझी. घरात मी असताना दुकान कशाला?

दिवस होता खंडेनवमीचा. कुमुदनं सकाळीच पाट मांडून माझी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, सगळी हत्यारं पूजेला लावली होती. त्यांना उद्यापर्यंत हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. हळदकुंकू कॉम्प्युटरलाही वाहिलं होतं, झेंडूची माळही होती, पण त्याला मात्र सूट!

"हा कुठला न्याय?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर माझा आहे," ती म्हणाली, "आणि पक्कड तुमची."

ठीक आहे म्हटलं. मी उलथन्याच्या टोकानं कॅबिनेटचे स्क्रू काढले. कार्ड खाचेत बसलं. आता त्याला वीज द्यायची. कार्डाबरोबर एक जोडवायर होती. तिचं एक टोक कार्डात जायचं आणि दुसऱ्या बाजूला दोन फाटे होते, त्या दोन्हींना पॉवर सप्लायचा एकेक प्लग लागत होता. आमच्या पॉवर सप्लायचा एकच प्लग मोकळा निघाला. दुसरा डीव्हीडी रायटरच्या पाठीत होता. रायटर त्या वेळी नुसता बसून होता. घरात एकजण राबत असताना दुसऱ्यानं आयतं बसून खावं, हे मला पटत नाही. मी तो प्लग उपटला आणि जोडवायरला लावला.

कॉम्प्युटर सुरू झाला. बदाम उघडला! फुजैलला दुसरा कान मिळाला. कुमुद चक्क हसली, आणि तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. तो उपटलेला प्लग जुना, आतून सैल पडलेला. टेबलाला धक्का लागला की सुटायचा. पक्कडीनं जरा आवळला असता तर काम झालं असतं, पण पक्कड झेंडूखाली विराजमान! मागितली तर कुमुदनं नुसतं पाहिलं. तिचं ते पाहणं मी ओळखतो.

मग मी एम-सील आणलं. घरची टाकी आणि मोरीचा नळ मी त्यानंच टिकवलेत. दोन्ही गोळ्या मळल्या, प्लग घट्ट दाबून धरला आणि भोवती असा लेप दिला की वायर तुटेल पण जोड सुटणार नाही. पुन्हा स्क्रीन काळी झाली नाही. दसऱ्याच्या दुपारपर्यंत कुमुदनं पूर्ण लग्न जुळवून काढलं. जास्मीनच्या बिदाईला तर माझेच डोळे भरून आले.

फुजैलची गाडी दारात येऊन उभी राहिली. हव्वाबी खाली आल्या. कुमुदनं कोरी डीव्हीडी हातात घेऊन रायटरचं बटण दाबलं. ट्रे उघडेना. पुन्हा दाबलं. मग तिनं कॅबिनेटमध्ये डोकावून तो करडा गोळा पाहिला आणि माझ्याकडे वळली.

मी तत्परतेनं उपाय सुचवले. पेनड्राइव्हमध्ये फार तर बिदाई मावली असती, तेही सांगितलं. अख्खा कॅबिनेट हातातल्या सामानात नेता येईल का, हेही फुजैलला विचारलं.

"बेटा, त्याचा भाई तिकडे वाट बघतोय," हव्वाबी हळूच म्हणाल्या. "पोराला रिकाम्या हातानं कसा पाठवू मी?"

कुमुदचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ती रडणाऱ्यांतली नाही. ती तडक पाटाशी गेली, माळ बाजूला सारून पक्कड उचलली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी एक पाऊल मागं सरलो.

"अहो, हत्यारं पूजतात कशाला?"

"त्यांना विश्रांती मिळावी म्हणून," मी म्हणालो.

"वेळ आली की वापरता यावीत म्हणून. सरका."

एम-सीलचे तुकडे पार हॉलभर उडाले. जोडवायरचा फाटा त्यात गेला, पण प्लग वाचला. कुमुदनं तो पक्कडीनं आवळून रायटरच्या पाठीत लावला, कार्ड उपसून काढलं, आणि डीव्हीडी फिरू लागली. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत राहिला. शेवटी डीव्हीडी बाहेर आली ती गरम गरमच फुजैलच्या बॅगेत गेली. दोह्याहून भावाचा फोन आला, तेव्हा तो कुमुदशी बोलताना रडत होता म्हणे.

तर सांगायचं हे, की माझी जोडणी चुकली नव्हती. ती जरा जास्तच पक्की झाली होती! इतकी पक्की जोडणी दुकानदार करून देतो का, विचारा. कुमुदला पुढं कामं मिळत गेली, नवा पॉवर सप्लायही आला, तो तिनं दुकानातूनच बसवून घेतला. काम हातात असलं की ती मला शिरढोणला माझ्या धाकट्या बहिणीकडे, पद्मजाकडे पाठवते. मी ताठ मानेनं जातो. तिथंही दुरुस्तीला पुष्कळ वाव आहे.

परवा पद्मजानं कुमुदला फोन केला. म्हणाली, "वहिनी, थोडी लग्नं कमी घेतलीत तर नाही का चालणार?"